पाठांतराकडून प्रतिपादनाकडे : अमेरिकन माध्यमिक शाळांतील भाषणशिक्षणाचा ऐतिहासिक आढावा (१७९७ ते १९८६)

प्रस्तावना

शालेय जीवनात प्रत्येकाने कधी ना कधी व्यासपीठावर उभे राहून भाषण केलेले असते, अथवा ते करावे लागू नये म्हणून एखादे निमित्त तरी शोधलेले असते. हे भाषण कोणी तयार केले, कसे तयार केले आणि ते करताना विद्यार्थ्याच्या मनात नेमके काय चालले होते, या प्रश्नांचा विचार मात्र शिक्षणाच्या इतिहासात फारसा झालेला दिसत नाही. वक्तृत्वाचा इतिहास लिहिताना आपण थोर वक्त्यांचा इतिहास लिहितो. वक्ता घडविणाऱ्या वर्गाचा इतिहास त्यात दुर्लक्षित राहतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक शाळांमध्ये 'स्पीच' हा एक स्वतंत्र विषय म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला. विषय निवडणे, साहित्य जमविणे, आराखडा करणे, सराव करणे, वर्गासमोर ठराविक मिनिटांत बोलणे आणि नंतर सहाध्यायांची टीका ऐकून घेणे असे त्याचे स्वरूप होते. हा विषय एकाएकी निर्माण झाला नाही. त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांची पठणाची परंपरा होती आणि त्या परंपरेविरुद्ध झालेली एक वैचारिक बंडाळीही होती. दुसऱ्याचे शब्द सुंदर रीतीने म्हणून दाखविणे म्हणजे वक्तृत्व की स्वतःचे म्हणणे जबाबदारीने मांडणे म्हणजे वक्तृत्व, हा या बंडाळीच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाच्या अनुषंगाने अमेरिकन शालेय भाषणशिक्षणाचा आढावा घेतला आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शाळांत पठणाला मिळालेल्या महत्त्वाची कारणे तपासणे.
२. १९१४ नंतर भाषणशिक्षणाच्या उद्दिष्टांत व वर्गातील कार्यपद्धतीत झालेल्या बदलांचे विवेचन करणे.
३. भाषणाची संधी आणि भाषणाचे स्वातंत्र्य सर्व विद्यार्थ्यांना समान प्रमाणात मिळाले काय, याचा शोध घेणे.
४. या इतिहासातून आपल्याकडील वक्तृत्वस्पर्धांविषयी काही विचार करता येतो काय, हे पाहणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. जुनी पाठ्यपुस्तके, आत्मचरित्रे, न्यायालयीन निर्णय आणि शिक्षणाच्या इतिहासावरील दुय्यम साधने यांचा आधार घेतला आहे. महाविद्यालयीन पातळीवरील घडामोडींचा विचार शाळांवर त्यांचा परिणाम झाला तेवढ्यापुरताच केला आहे.

१. प्रजासत्ताकाची गरज आणि पठणाची पुस्तके

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर अमेरिकेत प्रजासत्ताक राज्यव्यवस्था अस्तित्वात आली. कायदेमंडळे, न्यायालये, चर्च आणि गावसभा या सर्व ठिकाणी बोलणाऱ्या नागरिकाला महत्त्व प्राप्त झाले. साहजिकच शाळेने मुलांना बोलावयास शिकवावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. बोस्टन येथील शिक्षक केलब बिंगहॅम यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेले 'द कोलंबियन ओरेटर' हे पुस्तक या अपेक्षेचे उत्तम उदाहरण होय. पुस्तकाच्या आरंभी आवाज, उच्चार व हावभाव यांविषयी सूचना असून पुढे प्राचीन रोमपासून ब्रिटिश संसदेपर्यंतची भाषणे, संवाद आणि नाट्यप्रवेश दिले आहेत. विद्यार्थ्याने यांतील उतारे मुखोद्गत करावेत व वर्गासमोर म्हणून दाखवावेत, अशी यामागील कल्पना होती.

पुढे १८३६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मॅकगफी वाचनमालेने हीच परंपरा घराघरांत पोहोचविली. या मालेच्या सुमारे १२ कोटी प्रती खपल्या असा अंदाज केला जातो. तिच्या वरच्या इयत्तांच्या पुस्तकांत विरामस्थाने, स्वरांचे चढउतार आणि शब्दांवरील आघात यांच्या सूचना विस्ताराने दिलेल्या आढळतात. खेड्यातील एकशिक्षकी शाळेत शुक्रवारी दुपारी होणारा पठणाचा कार्यक्रम हा पालकांच्याही आकर्षणाचा विषय असे.

या पद्धतीवर पुढील काळात बरीच टीका झाली. तिला एक सामाजिक अर्थ होता, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. पुस्तके दुर्मिळ होती आणि शिक्षक फारसे प्रशिक्षित नव्हते. अशा काळात एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाच्या कानांवर उत्तम गद्य पडावे, ते त्याच्या जिभेवर रुळावे, यासाठी पाठांतरासारखे दुसरे स्वस्त साधन नव्हते.

२. पन्नास सेंटचे पुस्तक : फ्रेडरिक डग्लस

पठणाच्या परंपरेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंचे दर्शन शाळेत कधीही न गेलेल्या एका मुलाच्या जीवनात घडते. फ्रेडरिक डग्लस हे मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मले. बाल्टिमोर येथे असताना, बारा-तेरा वर्षांच्या वयात, स्वतः मिळविलेल्या पन्नास सेंटमध्ये त्यांनी 'द कोलंबियन ओरेटर' विकत घेतले. या पुस्तकात मालक व गुलाम यांच्यातील एक संवाद आहे. पळून जाताना पकडला गेलेला गुलाम मालकाच्या प्रत्येक युक्तिवादाला उत्तर देतो आणि अखेरीस मालक त्याला मुक्त करतो. आपल्या मनात अस्पष्टपणे घोळणाऱ्या विचारांना या संवादाने शब्द दिले, अशा आशयाची नोंद डग्लस यांनी आत्मचरित्रात केली आहे.

१८३८ मध्ये ते गुलामगिरीतून निसटले. ऑगस्ट १८४१ मध्ये नॅन्टकेट येथील गुलामगिरीविरोधी सभेत त्यांनी भाषण केले आणि चळवळीने त्यांना प्रचारक म्हणून नेमले. येथून पुढचा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. डग्लस यांनी केवळ आपली कहाणी सांगावी, तिच्यावरील तात्त्विक विवेचन आम्ही करू, असे चळवळीतील काही गोऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांची भाषा फार सुसंस्कृत झाली तर ते कधी गुलाम होते यावर लोकांचा विश्वास बसणार नाही, अशी भीतीही त्यांना वाटत होती. १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माय बाँडेज अँड माय फ्रीडम' या ग्रंथात डग्लस यांनी ही हकिकत सांगितली आहे. तीच ती कहाणी रोज सांगण्याचा त्यांना कंटाळा आला होता. अन्यायाचे केवळ वर्णन करून त्यांचे समाधान होत नव्हते, त्यांना त्याचे खंडनही करावयाचे होते.

दुसऱ्यांची भाषणे घोकून घडलेला हा वक्ता स्वतःचा विचार मांडू लागताच मित्रांनाही अडचणीचा वाटू लागला, ही बाब बोलकी आहे. पाठांतराने डग्लस यांना भाषेची घडण दिली. तथापि ते पाठांतरापाशी थांबले असते, तर त्यांच्या वक्तृत्वाला इतिहासात स्थान मिळाले नसते.

स्त्रियांच्या बाबतीत तर स्वतःचे लिखाण स्वतः वाचण्याचाही अधिकार नव्हता. १८४७ मध्ये ओबर्लिन महाविद्यालयात पदवीदान समारंभासाठी निबंध लिहिण्याचा मान ल्यूसी स्टोन यांना मिळाला. परंतु तो निबंध व्यासपीठावरून पुरुषाने वाचावा, असा तेथील संकेत होता. त्यामुळे त्यांनी निबंध लिहिण्यासच नकार दिला. शब्द कोणाचे व ते उच्चारणार कोण, हा प्रश्न असा अमेरिकन शिक्षणाच्या इतिहासात आरंभापासून दिसून येतो.

३. हावभावांचे शास्त्र आणि त्याची अवनती

एकोणिसाव्या शतकात पठणाचे रीतसर शास्त्र बनले. त्याला 'एलोक्युशन' ही संज्ञा रूढ झाली. गिल्बर्ट ऑस्टिन यांच्या 'कायरोनोमिया' (लंडन, १८०६) या ग्रंथात वक्त्याभोवती एक काल्पनिक गोल कल्पून हाताची प्रत्येक दिशा चिन्हांनी दर्शविली आहे. फिलाडेल्फियाचे वैद्य जेम्स रश यांनी १८२७ मध्ये 'द फिलॉसॉफी ऑफ द ह्यूमन व्हॉइस' हा ग्रंथ लिहून आवाजाच्या गुणधर्मांचे सूक्ष्म वर्गीकरण केले. शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शिक्षक फ्रांस्वा देल्सार्त यांच्या विचारांवर आधारलेली अभिनयपद्धती अमेरिकेत लोकप्रिय झाली. जेनेव्हिव्ह स्टेबिन्स यांच्या १८८५ मधील पुस्तकाने तिचा प्रसार केला.

मूळ ग्रंथकारांचा हेतू अभ्यासपूर्ण होता. तथापि शाळांपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचे रूपांतर ठरावीक हातवाऱ्यांत झाले. शोक दाखविताना कपाळावर हात, निर्धार दाखविताना वळलेली मूठ आणि विनवणी करताना पुढे केलेले दोन्ही तळवे, अशी भाषणाची एक कवायत तयार झाली. विद्यार्थी काय बोलतो याचा विचार मागे पडला आणि तो कसा दिसतो यालाच महत्त्व आले. विसाव्या शतकाच्या आरंभी 'एलोक्युशन' हा शब्द सुशिक्षितांत काहीसा उपहासाचा विषय झाला, त्याचे कारण हे होय.

४. माध्यमिक शिक्षणाचा विस्तार आणि १९१४ ची फारकत

अमेरिकेतील पहिले सार्वजनिक हायस्कूल बोस्टन येथे १८२१ मध्ये स्थापन झाले. परंतु दीर्घकाळ माध्यमिक शिक्षण मूठभरांपुरतेच मर्यादित होते. १८७४ मध्ये मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कालामाझू खटल्यात हायस्कूलसाठी कर आकारण्यास मान्यता दिली आणि विस्ताराचा मार्ग मोकळा झाला. सार्वजनिक हायस्कूलमधील विद्यार्थिसंख्या १८९० मध्ये सुमारे २ लाख होती. ती १९१० मध्ये ९ लाखांच्या पुढे गेली आणि १९३० मध्ये ४० लाखांहून अधिक झाली.

या वाढीमुळे वर्गाचे स्वरूप पालटले. स्थलांतरित कुटुंबांतील, कामगारांच्या व शेतकऱ्यांच्या घरांतील मुले वर्गात आली. यांतील बहुतेकांना वकील वा धर्मोपदेशक व्हावयाचे नव्हते. कामगार संघटनेच्या सभेत, गावसभेत किंवा नोकरीच्या मुलाखतीत आपले म्हणणे स्पष्टपणे मांडता यावे, ही त्यांची गरज होती. प्राचीन रोमन वक्त्यांचे उतारे या गरजेला पुरे पडणारे नव्हते.

याच काळात भाषणाचे शिक्षक आपल्या स्थानाविषयी अस्वस्थ होते. ते इंग्रजी विभागात दुय्यम मानले जात. १९११ मध्ये स्थापन झालेल्या इंग्रजीच्या शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेतही त्यांच्या प्रश्नांना पुरेसे स्थान मिळत नव्हते. अखेर नोव्हेंबर १९१४ मध्ये शिकागो येथे १७ शिक्षकांनी या परिषदेपासून फारकत घेऊन सार्वजनिक भाषणाच्या शिक्षकांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन केली. जेम्स ओ'नील हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९१५ पासून संघटनेचे त्रैमासिकही निघू लागले. पुढे या संघटनेची नावे अनेकदा बदलली आणि १९९७ पासून ती 'नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन' या नावाने ओळखली जाते.

संस्थापकांपैकी एक असलेल्या जेम्स विनान्स यांच्या १९१५ मधील 'पब्लिक स्पीकिंग' या पुस्तकाने विषयाची वैचारिक बैठक बदलली. भाषण म्हणजे विस्तारित संभाषण होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. शब्द उच्चारताना त्यांचा पूर्ण अर्थ वक्त्याच्या मनात जागा असावा आणि समोरच्या माणसाशी आपण बोलत आहोत याची सजीव जाणीव त्याला असावी, या दोन गोष्टी साधल्या म्हणजे आवाज व हावभाव बहुतांशी आपोआप जुळून येतात, असे त्यांनी सांगितले. शतकभर बाहेरून आत जाऊ पाहणारी शिक्षणपद्धती त्यांनी आतून बाहेर वळविली, असे म्हणता येईल.

जॉन ड्यूई यांच्या 'हाऊ वी थिंक' (१९१०) या ग्रंथाचा प्रभावही येथे विचारात घ्यावा लागतो. विचार ही अडचणीच्या जाणिवेपासून सुरू होणारी व उपाय तपासून पाहणारी प्रक्रिया आहे, ही त्यांची मांडणी भाषणाच्या शिक्षकांना उपयुक्त वाटली. पर्ड्यू विद्यापीठातील ॲलन मन्रो यांनी १९३५ मध्ये भाषणाची पाच टप्प्यांची रचना सुचविली. लक्ष वेधणे, गरज दाखविणे, उपाय मांडणे, परिणामांचे चित्र उभे करणे आणि कृतीचे आवाहन करणे हे ते टप्पे होत. ही रचना पुढे अनेक पाठ्यपुस्तकांतून शिकविली गेली. ड्यूईंच्या विचारांशी तिचे नाते अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

५. भाषणवर्गाची कार्यपद्धती

नव्या दृष्टीने घडलेल्या भाषणवर्गात सादरीकरणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व पूर्वतयारीला आले. भाषण करण्याच्या चार पद्धती पाठ्यपुस्तकांनी वेगळ्या केल्या : आयत्या वेळी केलेले भाषण, लिहून वाचलेले भाषण, पाठ करून म्हटलेले भाषण आणि संपूर्ण तयारी करूनही शब्द पाठ न करता मुद्द्यांच्या आधारे केलेले भाषण. यांपैकी चौथी पद्धत, जिला 'एक्स्टेम्पोरेनियस' म्हटले जाते, ती विद्यार्थ्यासाठी सर्वांत उपयुक्त मानली गेली.

या पद्धतीतील क्रम साधारणतः असा आहे. प्रथम विषय मर्यादित करावयाचा. 'पाणी' हा पाच मिनिटांच्या भाषणाचा विषय होऊ शकत नाही, 'आपल्या शाळेत पाणी कोठे वाया जाते' हा होऊ शकतो. मग उद्देश एका वाक्यात लिहावयाचा. माहिती द्यावयाची आहे, एखादी कृती करून दाखवावयाची आहे की श्रोत्याचे मत बदलावयाचे आहे, हे ठरल्याखेरीज पुढे जावयाचे नाही. त्यानंतर भाषणाचा मध्यवर्ती विचार निश्चित करून त्याला आधार देणारे दोन-तीन मुद्दे निवडावयाचे. प्रत्येक मुद्द्यासाठी उदाहरण, आकडेवारी वा जाणकाराचे मत शोधावयाचे आणि ते कोठून घेतले हेही सांगावयाचे. या सर्वांचा आराखडा करून लहान कार्डांवर केवळ सूचक शब्द लिहावयाचे. आरंभ व शेवट मात्र अधिक काळजीपूर्वक घडवावयाचा.

सरावाच्या वेळी प्रत्येक खेपेस वाक्ये थोडी वेगळी येतात. ही या पद्धतीतील उणीव नसून तिचे मर्म आहे. वाक्य विसरले तरी मुद्दा विसरत नाही, त्यामुळे वक्ता अडखळला तरी कोसळत नाही. सभाधीटपणा म्हणजे भीतीचा अभाव नव्हे. आपल्याला काय सांगावयाचे आहे याची खात्री असल्यास भीती बाळगूनही बोलता येते, हा या वर्गाने शिकविलेला व्यावहारिक धडा होता. भाषणानंतर सहाध्यायांनी लेखी वा तोंडी अभिप्राय द्यावयाचा असल्यामुळे ऐकणे हेदेखील शिक्षणाचे अंग बनले.

स्पर्धांच्या क्षेत्रातही हा बदल प्रतिबिंबित झाला. १९२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील रिपन महाविद्यालयाचे ब्रूनो जेकब यांनी हायस्कूल विद्यार्थ्यांसाठी 'नॅशनल फोरेन्सिक लीग' स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३१ मध्ये रिपन येथेच झाली. या क्षेत्रात रूढ झालेल्या एका प्रकारात विद्यार्थ्याला चालू घडामोडींवरील विषय चिठ्ठीने मिळतो आणि ३० मिनिटांच्या तयारीनंतर ७ मिनिटे बोलावे लागते. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या, १९३८ पासून राष्ट्रीय पातळीवर होणाऱ्या, राज्यघटनेवरील स्पर्धेची रचना तर विशेष उद्बोधक आहे. तीत ८ ते १० मिनिटांच्या तयार भाषणानंतर घटनेतील नेमून दिलेल्या कलमावर ३ ते ५ मिनिटे बोलावे लागते. पहिल्या भाषणात कोणाची मदत घेतली असली, तरी दुसऱ्या भाषणात विद्यार्थ्याचे स्वतःचे आकलन उघड होते.

६. ह्यूस्टनमधील दोन शाळा

या शिक्षणाचा लाभ सर्वांना समान रीतीने मिळाला नाही. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरातील दोन शाळांची उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

टेक्सास विद्यापीठाच्या पुढाकाराने १९१० मध्ये हायस्कूलसाठी वादविवाद संघटना स्थापन झाली होती. तीच पुढे 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग' म्हणून ओळखली जाऊ लागली. १९३० मध्ये ह्यूस्टनच्या सॅम ह्यूस्टन हायस्कूलमध्ये लिंडन जॉन्सन हे बावीस वर्षांचे तरुण भाषण व वादविवादाचे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनी दोन विद्यार्थ्यांचा वादविवाद संघ अक्षरशः झपाटल्यासारखा तयार केला. हा संघ शहर व जिल्हा पातळीवर विजयी होऊन राज्याच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि तेथे केवळ एका परीक्षकाच्या मताने पराभूत झाला. १९३१ च्या अखेरीस जॉन्सन काँग्रेस सदस्याचे चिटणीस म्हणून वॉशिंग्टनला गेले. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. १५ मार्च १९६५ रोजी मतदानहक्काच्या विधेयकासाठी काँग्रेससमोर केलेल्या भाषणात त्यांनी कोटुला गावातील मेक्सिकन वंशाच्या, उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची आठवण सांगितली. ह्यूस्टनपूर्वी, १९२८-२९ मध्ये, ते तेथे शिक्षक होते.

तथापि जॉन्सन यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या स्पर्धा गाजविल्या, त्या केवळ गोऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळांसाठी होत्या. टेक्सासमधील कृष्णवर्णीय शाळांना 'प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग' ही आपली वेगळी संघटना चालवावी लागली. दोन्ही संघटनांचे एकीकरण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि १९७० पर्यंत पूर्ण झाले. याच ह्यूस्टन शहरातील, कृष्णवर्णीयांसाठीच्या फिलिस व्हीटली हायस्कूलमधून १९५२ मध्ये बार्बरा जॉर्डन उत्तीर्ण झाल्या. शाळेत असतानाच त्यांनी वक्तृत्वात नाव मिळविले आणि त्याच वर्षी शिकागो येथील राष्ट्रीय वक्तृत्वस्पर्धा जिंकली. पुढे टेक्सास सदर्न विद्यापीठात त्या वादविवादपटू म्हणून गाजल्या.

त्यानंतर कायद्याच्या शिक्षणासाठी त्या बोस्टनला गेल्या. तेथे आलेला अनुभव त्यांनी १९७९ च्या आत्मकथनात प्रांजळपणे नोंदविला आहे. केवळ ओजस्वी बोलणे हे तर्काच्या जागी चालवून घेतले जाणार नाही, याची जाणीव त्यांना तेथे झाली. विचार करण्याच्या बाबतीत आपण कित्येक वर्षांची उणीव भरून काढत आहोत, असे त्यांना वाटले. विभक्त शाळांनी त्यांना आवाज दिला होता, परंतु ग्रंथालये, साधने आणि समान प्रतिस्पर्धी यांपासून त्या शाळा स्वतःच वंचित ठेवल्या गेल्या होत्या.

ही उणीव जॉर्डन यांनी कशी भरून काढली, हे २५ जुलै १९७४ रोजी दिसून आले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या चौकशीत प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीच्या सदस्या म्हणून त्यांना पंधरा मिनिटे मिळाली होती. घटनेच्या प्रारंभीच्या 'आम्ही लोक' या शब्दांत १७८७ साली आपला समावेश नव्हता, याची आठवण देऊन त्यांनी आरंभ केला. त्यानंतर घटनाकारांच्या काळातील चर्चेतील महाभियोगाचे निकष एकेक करून मांडले आणि प्रत्येक निकषासमोर निक्सन यांचे वर्तन ठेवले. त्या भाषणात हावभाव फार थोडे होते. मुद्दा, आधार आणि निष्कर्ष या क्रमाने ते पुढे जात होते. आवाज आणि विचार यांची अशी सांगड घातली गेली तेव्हा ते भाषण अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनातील एक मानदंड ठरले.

७. शाळेतील शब्दाची मर्यादा

विद्यार्थ्याला स्वतःचे शब्द वापरावयास सांगितल्यावर ते शब्द शाळेला रुचतीलच असे नाही. १९६९ मध्ये 'टिंकर' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य शाळेच्या दारात संपत नाही, असा निर्णय दिला होता. त्यानंतर एप्रिल १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेथेल हायस्कूलमध्ये विद्यार्थी निवडणुकीच्या सभेत, सुमारे ६०० विद्यार्थ्यांसमोर, एका विद्यार्थ्याने आपल्या उमेदवार मित्राच्या समर्थनार्थ द्व्यर्थी, सूचक भाषण केले. भाषणापूर्वी दोन शिक्षकांनी त्याला ते अनुचित असल्याचे सांगितले होते. शाळेने त्याला निलंबित केले आणि पदवीदान समारंभातील संभाव्य वक्त्यांच्या यादीतून त्याचे नाव काढले. १९८६ मध्ये 'बेथेल स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध फ्रेझर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. सभ्य सार्वजनिक संवादाची मूल्ये शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

या निर्णयावर मतभेद होऊ शकतात. परंतु स्वतःचे शब्द याचा अर्थ त्या शब्दांचे परिणामही स्वतःचे, ही गोष्ट या खटल्याने अधोरेखित केली. पाठ केलेल्या उताऱ्यासाठी कोणीही विद्यार्थ्याला शिक्षा करीत नाही, कारण त्या शब्दांची जबाबदारी त्याच्यावर नसते.

८. आपल्या संदर्भात

अमेरिकेतील या प्रवासाचे महाराष्ट्राशी अगदीच नाते नाही असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. डग्लस ज्या चळवळीचे वक्ते होते, त्या चळवळीविषयीची ही कृतज्ञता होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई हे तेथील त्यांचे प्राध्यापक होते. म्हणजे ज्या विचारांनी अमेरिकन भाषणवर्ग घडविला, त्यांचा एक प्रवाह आपल्यापर्यंतही येऊन पोहोचला होता. आपल्याकडे व्याख्यानांची परंपराही समृद्ध आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हे तिचे ठळक उदाहरण होय.

असे असूनही आपल्या शाळांतील भाषण बहुतांशी पठणाच्याच अवस्थेत राहिले आहे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने होणाऱ्या वक्तृत्वस्पर्धांत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येतो. सन्माननीय व्यासपीठापासून बालमित्रांपर्यंतचे संबोधन, शेंगांच्या टरफलांची गोष्ट आणि आवेशपूर्ण समारोप हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. भाषण बहुधा शिक्षकांनी किंवा पालकांनी लिहिलेले असते. अशाच एका आंतरशालेय स्पर्धेत सातवीतील एक विद्यार्थिनी उत्तम बोलता बोलता मध्येच थांबली. तिने क्षणभर डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळीही ती त्याच ठिकाणी अडली. स्पर्धेनंतर सहज गप्पा मारताना तिने तीच हकिकत मला स्वतःच्या शब्दांत, न अडखळता, सांगितली. टिळकांनी गुरुजींना उलट उत्तर दिले ते तिला मनापासून आवडले होते आणि का आवडले हेही तिच्यापाशी होते. हे तिचे खरे भाषण होते, परंतु गुणपत्रिकेवर त्यासाठी रकाना नव्हता. उच्चार, हावभाव, पाठांतर आणि वेळेचे बंधन असेच रकाने आम्हा परीक्षकांना छापून दिलेले होते.

यात त्या विद्यार्थिनीचा अथवा तिच्या शिक्षकांचा दोष नाही. ज्या गोष्टीला गुण मिळतात, तिचीच तयारी शाळा करून घेते. मोठे वर्ग, अपुरा वेळ आणि अभ्यासक्रमाचा भार यांमुळे प्रत्येक मुलाला पाच मिनिटे देणे कठीण जाते, हेही खरे आहे. परंतु स्पर्धेच्या नियमांत बदल करण्यास पैसा लागत नाही. तयार भाषणानंतर त्याच विषयावर दोन प्रश्न विचारणे आणि उत्तरांना गुण ठेवणे, एवढा बदलही पुष्कळ काही साधू शकेल.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. एकोणिसाव्या शतकातील पठणाची पद्धती प्रजासत्ताकाच्या व तत्कालीन साधनांच्या अभावाच्या गरजेतून निर्माण झाली. तिने भाषेचे संस्कार केले, परंतु पुढे हावभावांच्या कवायतीत तिची अवनती झाली.
२. १९१४ नंतरच्या शिक्षकांनी भाषणाचे केंद्र सादरीकरणाकडून विचाराकडे व पूर्वतयारीकडे नेले. माध्यमिक शिक्षणाचा विस्तार हे या परिवर्तनाचे महत्त्वाचे सामाजिक कारण होते.
३. या शिक्षणाची संधी वंश व लिंग यांच्या भेदांनी दीर्घकाळ मर्यादित राहिली. डग्लस, ल्यूसी स्टोन आणि जॉर्डन यांचे जीवन त्याची साक्ष देते.
४. पाठांतर व स्वतंत्र प्रतिपादन यांत मूलतः विरोध नाही. डग्लस यांनी घोकलेल्या संवादातूनच स्वतःचा युक्तिवाद घडविला. शिक्षण पहिल्या पायरीवर थांबले, तरच ते विद्यार्थ्याचे नुकसान करते.
५. मूल्यमापनाचे निकष बदलल्याखेरीज भाषणशिक्षण बदलत नाही. त्यामुळे आपल्याकडील वक्तृत्वस्पर्धांच्या गुणपत्रिकेत आकलनाला स्थान मिळणे आवश्यक आहे.

आपली महाविद्यालये दरवर्षी अनेक आंतरशालेय व आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवितात आणि त्यांचे नियम आपणच ठरवितो. पुढील स्पर्धेचे परिपत्रक काढण्यापूर्वी गुणपत्रिकेतील रकाने एकदा तपासून पाहावेत, एवढीच विनंती या निबंधाच्या निमित्ताने अध्यापक बंधुभगिनींना करावीशी वाटते.